लिथियमभोवतीचे चार रेणू : प्रस्तावना

लिथियम-आयन बॅटरी कशी चालते हे सांगणारे लेख मराठीत आता बरेच येतात. ग्रॅफाइटचा ॲनोड, धातूच्या ऑक्साइडचा किंवा फॉस्फेटचा कॅथोड, चार्जिंगच्या वेळी एका बाजूला जाणारे आणि वापराच्या वेळी परत येणारे आयन, हे सगळे त्यांत नीट सांगितलेले असते. दोन टोकांच्या मध्ये भरलेले द्रावण मात्र एका वाक्यात आटोपते : आयन इलेक्ट्रोलाइटमधून प्रवास करतात. ही पुस्तिका त्या एका वाक्यावर आहे. बॅटरी किती वेगाने चार्ज होते, कडाक्याच्या थंडीत का मरगळते, उन्हाळ्यात लवकर का थकते, पेट घेतला तर तो इतका भडकतो कशाने, या प्रश्नांच्या उत्तरांचा मोठा भाग त्या द्रावणातच आहे.

पुस्तिकेचे म्हणणे सुरुवातीलाच मांडून ठेवतो. द्रावणातला लिथियम आयन कधीही एकटा नसतो. द्रावकाचे काही रेणू, बहुधा चार, तो आपल्याभोवती धरून ठेवतो आणि त्यांना घेऊनच पुढे सरकतो. ही पकड नसेल तर लिथियमचा क्षार विरघळणारच नाही आणि आयन मोकळे होणार नाहीत. पण ॲनोडच्या दाराशी पोहोचल्यावर त्याच आयनाला ते सगळे रेणू सोडून आत शिरावे लागते. पकड फार घट्ट असेल तर सुटका अवघड होते. म्हणून चांगला इलेक्ट्रोलाइट म्हणजे धरणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी वेळच्या वेळी घडू देणारे द्रावण. बॅटरीच्या रसायनशास्त्रातले गेल्या पन्नास वर्षांतले बरेचसे यशापयश या एका सूत्रात ओवता येते, असे मला मनापासून वाटते.

हा विषय मुंबईच्या उपनगरात बसून लिहावासा वाटला याला कारण आहे. बेस्टच्या विजेवर धावणाऱ्या बसगाड्या, अंधेरीच्या गल्ल्यांतून जेवणाचे डबे आणि पार्सले पोहोचवणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर, बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांच्या सभांत चार्जिंग पॉइंटवरून होणारे वाद, यांमुळे बॅटरी आता आपल्या दारातली वस्तू झाली आहे. त्याच वेळी या वस्तूच्या अंतरंगाचा शोध घेणारे काम पवईच्या आयआयटीत आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात चालते. घाटकोपरच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही ठिकाणे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. तिथे काय शोधले जाते हे त्याला त्याच्या भाषेत कळावे, एवढी साधी इच्छा या लेखनामागे आहे.

आता मूळ पात्राकडे वळू. लिथियम आयन अतिशय लहान असतो. भोवती सहा शेजारी असताना त्याची त्रिज्या 0.76 अँगस्ट्रॉम मानतात. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. त्याच मापाने सोडियम 1.02 आणि पोटॅशियम 1.38 अँगस्ट्रॉम. तिघांवरही धन प्रभार एकच, पण लिथियमचा तो प्रभार फार थोड्या जागेत एकवटलेला. त्यामुळे जवळच्या ऑक्सिजनवरचे इलेक्ट्रॉन तो जोरात ओढतो. लिथियम आयन पाण्यात विरघळताना दर मोलला सुमारे 520 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, सोडियमच्या बाबतीत सुमारे 405 आणि पोटॅशियमच्या बाबतीत सुमारे 320.

या पकडीचा परिणाम बारावीच्या विद्यार्थ्यालाही चकवतो. तिघांत सर्वांत लहान आयन पाण्यात सर्वांत वेगाने धावायला हवा. प्रत्यक्षात 25 अंश सेल्सियसला, अतिविरल द्रावणात, नेहमीच्या एककांत मोजलेली मोलर आयनिक वाहकता लिथियमची 38.7, सोडियमची 50.1 आणि पोटॅशियमची 73.5 भरते. लहानगा सर्वांत मागे. कारण तो पाण्याचे रेणू असे काही धरून ठेवतो की सरकणारी वस्तू आयनापेक्षा बरीच मोठी होते. नुसता तक्ता पाठ केला तर हा आकडा विसरला जातो. त्यामागचे कारण कळले की इलेक्ट्रोलाइटचे अर्धे शास्त्र हाती येते.

या शास्त्राला मोठी परंपरा आहे. क्षार पाण्यात विरघळताच त्याचे आयन होतात, ही कल्पना स्वान्ते अऱ्हेनियसने 1884 च्या प्रबंधात मांडली आणि 1903 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तीव्र इलेक्ट्रोलाइटांचा सिद्धांत मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न 1918 च्या सुमारास ज्ञानचंद्र घोष यांनी केला; पुढे ते खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. 1920 मध्ये माक्स बॉर्नने आयन आणि द्रावक यांच्या ऊर्जेचे सूत्र दिले, 1923 मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांचा सिद्धांत आला. या सूत्रांत द्रावक म्हणजे सलग पसरलेले, प्रभाराचा जोर कमी करणारे माध्यम असते. विरल द्रावणासाठी ते पुरते. लिथियमच्या अगदी लगतच्या थरात मात्र कोणता रेणू, कोणत्या बाजूने, किती जवळ आला आहे यावर सगळे ठरते. तिथे रेणूच मोजावे लागतात.

बॅटरीत पाणी चालत नाही, कारण 1.23 व्होल्टच्या पलीकडे त्याचे विघटन होऊ शकते आणि लिथियम बॅटरीला तीन-चार व्होल्ट हवे असतात. म्हणून तिथे सेंद्रिय कार्बोनेट वापरतात. त्यांत मुख्य एथिलिन कार्बोनेट. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 40 अंशांना सुमारे 90, म्हणजे पाण्याहूनही जास्त. आयनांना एकमेकांपासून दूर ठेवायला उत्तम. अडचण अशी की ते 36 अंशांच्या खाली घट्ट होते. त्यात डायमिथिल कार्बोनेटसारखा पातळ द्रावक मिसळतात. याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक जेमतेम 3, पण तो सहज वाहतो. पहिला द्रावक आयनांना सुटे करतो, दुसरा त्यांना वाट देतो. या मिश्रणात लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार लिटरला साधारण एक मोल या प्रमाणात विरघळवतात. बाजारातल्या बहुतेक बॅटरींचा इलेक्ट्रोलाइट या घडणीचा असतो.

एथिलिन कार्बोनेटच्या रेणूत कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला एक ऑक्सिजन बाहेर डोकावतो. लिथियम त्याला धरतो, सुमारे 2 अँगस्ट्रॉम अंतरावरून. असे चार रेणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर येतात आणि आयन मध्ये. पहिला रेणू सर्वांत घट्ट बांधला जातो. दुसरा, तिसरा येता येता प्रभाराची भूक भागत जाते आणि जागाही कमी पडते, त्यामुळे चौथा बराच सैल असतो. ही रचना कायमचीही नसते. एखादा रेणू सुटतो, शेजारचा त्याची जागा घेतो, आणि संगणकावरची गणिते सांगतात की ही अदलाबदल नॅनोसेकंदाच्या आगेमागे चालू राहते.

डोळ्यांना न दिसणारी ही मांडणी कळते कशी? एक वाट आपल्याच देशात सापडलेली आहे. 28 फेब्रुवारी 1928 रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जाहीर केलेला परिणाम आज इलेक्ट्रोलाइटच्या प्रयोगशाळेत रोज वापरला जातो. एथिलिन कार्बोनेटच्या कड्याचे एक कंपन रामन वर्णपटात 893 प्रतिसेंटिमीटरच्या जवळ दिसते. रेणू लिथियमने धरला की तेच कंपन सुमारे 904 ला सरकते. दोन शिखरांखालच्या क्षेत्रफळांची तुलना केली की किती रेणू मोकळे आणि किती बांधलेले याचा अंदाज येतो, आणि त्यावरून आयनामागे किती रेणू तेही काढता येते. एनएमआर, अवरक्त वर्णपट आणि संगणकीय प्रतिरूपे या बाकीच्या वाटा. मिश्र द्रावकात लिथियम एथिलिन कार्बोनेटला किती झुकते माप देतो, यावर या पद्धतींची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. तो वाद पुस्तिकेत दोन्ही बाजूंसह दिला आहे, कारण शास्त्र कसे पुढे जाते हे विद्यार्थ्याने तिथेच पाहावे.

लिथियमचा दुसरा सोबती म्हणजे ऋण आयन. द्रावण विरल असेल तर दोघांच्या मध्ये द्रावकाचे रेणू असतात. क्षार वाढवला की ऋण आयन द्रावकाला बाजूला सारून थेट लिथियमला चिकटतो, आणखी वाढवला की त्यांचे पुंजके होतात. म्हणूनच क्षार दुप्पट केला तर वाहकता दुप्पट होत नाही. लिटरला एक मोलच्या आसपास ती शिखर गाठते आणि मग दाटपणा व जोड्या यांमुळे उतरते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आकाराने मोठा असलेला हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचा ऋण आयन द्रावकाला फारसे धरत नाही, त्यामुळे तो हलकेच पळतो आणि लिथियम आपले चार रेणू ओढत मागे राहतो. एकूण प्रवाहातला लिथियमचा वाटा साधारण तीस-चाळीस टक्केच भरतो. जलद चार्जिंगची एक मोठी अडचण इथे आहे.

पकडीचा खरा महिमा मात्र ॲनोडपाशी दिसतो, आणि त्याची गोष्ट दोन जुळ्यांसारख्या द्रावकांची आहे. प्रोपिलिन कार्बोनेट आणि एथिलिन कार्बोनेट यांच्यात फरक फक्त एका मिथिल गटाचा. प्रोपिलिन कार्बोनेट उणे 49 अंशांपर्यंत द्रव राहते, लिथियमला चांगले धरते, म्हणजे सगळ्या दृष्टींनी सोयीचे. पण 1970 मध्ये डे आणि सलिव्हन यांनी दाखवले की ग्रॅफाइटवर त्याचे विघटन होऊन वायू सुटतो. लिथियमबरोबर द्रावकही ग्रॅफाइटच्या थरांत घुसतो आणि थर सुटे होतात. ग्रॅफाइटच्या दोन थरांतले अंतर 3.35 अँगस्ट्रॉम, द्रावकासह आलेला आयन त्याच्या दुपटीहून मोठा. सोनीने 1991 मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटऐवजी वेगळ्या प्रकारचा कार्बन होता.

एथिलिन कार्बोनेटही ॲनोडवर फुटते, पण त्याच्या तुकड्यांचा पातळ, चिवट थर ग्रॅफाइटवर बसतो. त्या थरातून लिथियम जातो, द्रावक जात नाही. 1990 मध्ये कॅनडात फाँग, फॉन झाकेन आणि डान यांनी दाखवले की पहिल्या चार्जिंगमध्ये हा थर तयार झाला की पुढे ग्रॅफाइट सुरक्षित राहतो. अशा थराची संकल्पना इस्रायलच्या एमॅन्युएल पेलेड यांनी 1979 मध्ये मांडली होती. इथे आपले सूत्र अधिक खोल होते. ॲनोडपर्यंत कोणता रेणू पोहोचतो आणि फुटतो हे बऱ्याच अंशी लिथियमने वाटेत कोणाला धरले यावर ठरते. म्हणजे वाहून आणणारे कवचच पुढे संरक्षक भिंतीचा माल होते. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक आपण टोकांमधल्या पदार्थांसाठी लक्षात ठेवतो. त्या टोकांना वर्षानुवर्षे टिकवून धरणारा हा अदृश्य थर द्रावकाची देणगी आहे.

आता सोडण्याची किंमत. लिथियमने शेवटचे रेणू सोडून आत शिरण्यासाठी ओलांडायचा ऊर्जेचा उंबरठा ग्रॅफाइटसाठी दर मोलला 50 ते 60 किलोज्यूल इतका मोजला गेला आहे. 55 धरून अऱ्हेनियसच्याच समीकरणात घाला. तापमान 25 वरून 0 अंशांवर आले की हा टप्पा सात-आठ पट मंदावतो. 25 वरून 35 वर गेले की वेग दुप्पट होतो. लडाखमधली गाडी आणि मुंबईतली गाडी यांच्या अडचणी वेगळ्या का, याचे उत्तर या दोन ओळींच्या गणितात आहे. बोरिवलीची हिवाळ्यातली पहाट बॅटरीला बाधत नाही. आपला शत्रू उष्णता. ती लिथियमची सुटका सोपी करते, तशी नको त्या विक्रियांनाही वेग देते. तापलेला हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट क्षार हळूहळू तुटू लागतो आणि ॲनोडवरचा थर विरत-वाढत राहतो. शिवाय डायमिथिल कार्बोनेटची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान 17 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईच्या कुठल्याही दुपारच्या खाली. बॅटरीची पेशी हवाबंद आणि धडधाकट असणे किती गरजेचे, हे चार्जिंग पॉइंटवर वाद घालणाऱ्या प्रत्येक सोसायटीने समजून घ्यावे.

दुसरा शत्रू पाणी. हाच क्षार ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार करतो आणि ते आम्ल कॅथोडही खाते, थरही. म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी दशलक्ष भागांत काही भागांच्या पुढे जाऊ देत नाहीत. जुलैतल्या मुंबईत हवाच पाण्याने भरलेली असते. अशा हवेत हे काम आर्गॉन वायूने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून करावे लागते. आत दशलक्षात एखाद्या भागाहूनही कमी ओलावा राखायचा आणि भिंतीपलीकडे पाऊस कोसळत असतो. इथल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे.

या चिकाटीतून काय निघते त्याची दोन उदाहरणे पुस्तिकेत सविस्तर आहेत. पहिले तुर्भ्याचे. असेटामाईड हा साधा सेंद्रिय पदार्थ 80 अंशांच्या आसपास वितळतो. त्यात लिथियम परक्लोरेट योग्य प्रमाणात, साधारण चार मोलला एक मोल, मिसळले की मिश्रण खोलीच्या तापमानालाही द्रव राहू शकते. लिथियम असेटामाईडचा ऑक्सिजन धरतो, असेटामाईडच्या रेणूंचे एकमेकांतले हायड्रोजन बंध विस्कटतात आणि स्फटिक जमत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या घनस्थिती भौतिकी विभागातल्या संशोधकांनी कोलकात्याच्या सहकाऱ्यांबरोबर अशा मिश्रणांतली रेणूंची हालचाल न्यूट्रॉनच्या साहाय्याने अभ्यासली आहे. केंद्रातली 100 मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी 1985 पासून अशा संशोधनाला न्यूट्रॉन पुरवते. हायड्रोजन न्यूट्रॉनला जोरात विखुरतो, त्यामुळे असेटामाईडचा रेणू सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागाच्या मापात कसा हलतो हे उमगते. लिथियमशी जोडल्या गेलेल्या असेटामाईडचे दूरवर सरकणे अवघड होते, हे या कामातून पुढे येते. धरणे हे क्षार विरघळवते आणि तेच रेणूची चाल बांधते. दोन्ही एकाच बाटलीत.

दुसरे पवईचे. तिथली आयआयटी 1958 मध्ये सुरू झाली. तिथल्या ऊर्जा विज्ञान विभागातले सागर मित्रा यांनी शिव नाडर विद्यापीठातल्या बिमलेश लोचब यांच्या गटाबरोबर लिथियम-गंधक बॅटरीवर काम केले आहे. गंधक स्वस्त, पेट्रोलियम शुद्धीकरणातून उरणारा. पण बॅटरी चालू असताना तयार होणारी लिथियमची पॉलिसल्फाइडे इथर द्रावकात विरघळतात, कारण त्यांतल्या लिथियमला इथरचा ऑक्सिजन धरतो. मग गंधक कॅथोड सोडून भटकतो आणि क्षमता घटते. इथे पकडच नको तिथे आड येते. या गटांनी गंधकाला रासायनिक बंधांनी बहुवारिकात गुंतवले, आणि त्यासाठी लवंगेतले युजेनॉल व काजूच्या टरफलातल्या तेलातले कार्डेनॉल वापरले. कोकणात काजू कारखान्यांच्या अंगणात टरफलांचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या रसायनशास्त्राचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढची वाट पकड मनासारखी घडवण्याची आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एक किलो पाण्यात 21 मोल लिथियम क्षार विरघळवला. किलोभर पाण्यात रेणू 55.5 मोल, म्हणजे आयनामागे पाण्याचे तीन रेणूही येत नाहीत. सगळे पाणी लिथियमने अडवून धरले, मोकळे उरले नाही, आणि जलीय इलेक्ट्रोलाइट सुमारे 3 व्होल्टपर्यंत तग धरू शकला. पुण्यात आयसर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी 2023 मध्ये सोडियम-आयन तंत्र जाहीर केले. सोडियम मोठा, त्याची द्रावकावरची पकड सैल, त्यामुळे तो रेणू लवकर सोडतो. लिथियमसाठी शिकलेले सूत्र तिथे नव्या आकड्यांसह लागू पडते.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे : आधी आयन, मग द्रावक, मग त्यांची बांधणी मोजण्याच्या पद्धती, मग ॲनोडवरचा थर, आणि शेवटी नवे इलेक्ट्रोलाइट. दहावीपर्यंतचे विज्ञान आणि थोडा धीर एवढी शिदोरी पुरेल. गणित जिथे आले आहे तिथे पायरी गाळलेली नाही. मुंबईतल्या बहुतेक महाविद्यालयांत अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत शिकवले जाते आणि मराठी शाळेतून आलेली मुले पहिले काही महिने शब्दांशीच झगडतात. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून आणि मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून विज्ञान सोपे करून पोहोचवण्यासाठी झटत आहेत. ही पुस्तिका त्या वाटेवरचे एक छोटे पाऊल समजावे.

वाचकांना एक विनंती आहे. प्रत्येक प्रकरणाशेवटची उदाहरणे वहीत सोडवा. तापमानाचे गणित स्वतः करा, वाहकतेच्या तक्त्याचे कारण धाकट्या भावंडाला सांगून पाहा. आपल्या शहराची उष्णता आणि आर्द्रता सोसणारे इलेक्ट्रोलाइट कोणीतरी शोधावे लागणार आहेत. ते काम लिथियम कोणाला धरतो आणि केव्हा सोडतो या प्रश्नाशी प्रामाणिकपणे भिडणाऱ्यांचे आहे. त्यांत मुलुंडच्या, घाटकोपरच्या, अंधेरीच्या मुलामुलींची नावे असावीत, यासाठी हे सारे लिहिले आहे.